दिवसभर आजी सांभाळते, मी नोकरीवर. आठ महिन्यांचं बाळ आजीलाच आई समजेल का?

नाही, बाळाला एकाच वेळी दोन-तीन माणसांचा लळा लागू शकतो आणि आजीचा लागला म्हणून तुमचा कमी होत नाही. शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या 60 बाळांवर केलेला, 1964 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो: सातव्या-आठव्या महिन्याच्या आसपास ठरावीक माणसाची ओढ सुरू होते, दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांना एकाहून जास्त माणसं हवी असतात. त्यातही भरवणारंच माणूस सर्वांत जवळचं ठरतं असं नाही. रडण्याला, हुंकाराला चटकन प्रतिसाद देणारं ठरतं. म्हणून घरी आल्यावर हातपाय धुऊन पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवा, बाळाशीच बोला, खेळा. रात्री झोपवणं तुमच्याकडे ठेवा. सकाळी निघताना नजर चुकवून सटकू नका; रडलं तरी आजीच्या कडेवर देऊन, 'टाटा' करूनच निघा. आई न सांगता गायब होते हे कळलं की तुम्ही नुसत्या स्वयंपाकघरात गेलात तरी ते पदर सोडत नाही. अडचण होते ती सांभाळणारं माणूसच वारंवार बदललं तर. सहा महिने ते दोन वर्षं या काळात ते शक्यतो टाळा.