तलावाकाठच्या कुरणात रानबदके यावीत म्हणून काय करावे? आणि त्यांची शिकार करता येते का?

उमरेडकडच्या एका तलावाला लागून तुमची कुरणाची जमीन आहे आणि परदेशातले शिकारी बदकांसाठी जशी कुरणे राखतात तशी ती राखून शिकार करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. शिकार करता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची वाटही बंद केली; पक्षी तुमच्या स्वतःच्या जमिनीवर उतरला असला तरी त्याला मारणे हा गुन्हाच आहे. कुरण मात्र अवश्य राखा, कारण आपल्याकडे तलावाचा काठ राखणारे फार थोडे उरले आहेत.

आपल्या भागात हिवाळ्यात मंगोलिया आणि तिबेटकडून येणारा पट्टकदंब हा खरा चरणारा पक्षी आहे. त्याला कोवळे, बोटभर उंचीचे गवत लागते आणि चरताना चहूकडे नजर पोहोचेल असे मोकळे रान लागते. गुडघाभर वाढलेल्या गवतात कोल्हा दबा धरून बसू शकतो, म्हणून तेथे थवा उतरत नाही. कळप चरत असताना एकदोन पक्षी मान ताठ करून उभे असतात, हे दुर्बिणीतून पाहिले की मोकळ्या रानाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून पावसाळा सरताना गुरे-म्हशी चारून गवत खाली आणावे आणि पक्षी आले की काठाचा पट्टा गुरांसाठी बंद करावा. चराईबंदी म्हणजेच संवर्धन, ही समजूत येथे उपयोगाची नाही.

तलवार बदक आणि हळदी-कुंकू बदक यांची गरज वेगळी आहे. ती डोके बुडवून, शेपटी वर करून तळाचे बी आणि कंद खातात. त्यामुळे वीतभर पाणी त्यांना पुरते आणि खोल पाण्यातला तळ त्यांच्या चोचीला लागत नाही. पाणी हळूहळू उतरत गेले, तर उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लव्हाळा आणि कोवळे गवत फुटते आणि हिवाळाभर नवे खाद्य मिळत राहते. याच गाळावर गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर केलेली पेरणी, होते. ती सगळीकडे न करता एक पट्टा तसाच सोडावा आणि जवळच्या पिकावर कीटकनाशक फवारू नये. बेशरम नावाची झुडपी वनस्पती वाढली असेल तर ती मुळासकट उपटावी, कारण नुसती छाटली तर ती पुन्हा फुटते आणि काठ बुजवून टाकते. तलावात गवत्या मासा सोडला असेल, तर पाणवनस्पती उरणार नाहीत. याबद्दल मासेमारी संस्थेशी आधीच बोलून घ्या. पाणी सोडण्याचा निर्णयही तुमच्या एकट्याचा नसतो, तेव्हा तलाव ग्रामपंचायतीकडे आहे की पाटबंधारे खात्याकडे, ते विचारून त्यांची संमती घ्यावी.