नागपुरात घरामागच्या अंगणासाठी १३० मिमीची परावर्तक (आरशाची) दुर्बीण घेतली, पण काहीच दिसत नाही. सुरुवात कशी करू?

दुर्बीण बहुधा ठीक आहे, शोधक दुर्बीण (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) तिच्याशी जुळलेली नसावी. हे काम दिवसाच करा. लांबचा मोबाइल टॉवर २५ मिमीच्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) मधोमध आणा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तोच टॉवर त्याच्याही मध्यावर घ्या. चित्र उलटं दिसेल, घाबरू नका, या दुर्बिणीत ते तसंच दिसतं. सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नका, डोळा जाईल.

रात्री लगेच डोळा लावायची घाई नको. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास द्या. गच्चीपेक्षा अंगणातलं गवत बरं. आपल्याकडे उन्हाळ्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत असतो आणि त्या वाफाऱ्यात गुरू नुसता थरथरतो.

पहिलं लक्ष्य चंद्र, पण पौर्णिमेचा नव्हे. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं बघा, सावल्यांमुळे ती उठून दिसतात. दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) भागिले नेत्रिकेचे मिमी, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते कळतं: नाभीय अंतर ९०० मिमी असेल तर २५ मिमीच्या नेत्रिकेने ३६ पट, १० मिमीच्या नेत्रिकेने ९० पट. शनीची कडी बघायला ९० पट पुरे. खोक्यावरच्या '६७५ पट'ला भुलू नका.

हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) शहरातूनही दिसतो. फिकट दीर्घिकांसाठी (दूरच्या तारकासमूहांच्या विश्वांसाठी, म्हणजे गॅलेक्सींसाठी) पेंच व्याघ्र प्रकल्प गाठा, २०२४ पासून ते भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' (अंधारं आकाश जपलेली जागा) आहे.

आणि आरसा पुसत बसू नका हो, थोड्या धुळीने काही बिघडत नाही.