आयटीआयची मुलं छोट्या वर्कशॉपमध्ये टिकत नाहीत. माणसं आणायची कुठून आणि टिकवायची कशी?

हा प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय, 'आजच्या पिढीला कष्ट नकोत.' हे वाक्य मी रोज जेवताना ऐकते, म्हणून उत्तर लिहायला घेतलं.

पुण्याजवळ भोसरीत आमचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून देण्याचं, वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी (ही धातू कापणारी, संगणकावर चालणारी मशीन), बाकी ड्रिलिंग-टॅपिंग. शॉप फ्लोअर माझे दीर बघतात. हिशेब, पगार आणि माणसं माझ्याकडे. दिवाळीचा बोनस हातात पडला की आमचीही मुलं चाकणच्या मोठ्या कंपन्यांत जातात. जाणारच. तिथे कॅन्टीन आहे, कंपनीची बस आहे आणि स्थळ बघायला गेल्यावर सांगायला कंपनीचं नाव आहे. आपल्या गाळ्याचं नाव पुढच्या गल्लीत कुणाला ठाऊक नसतं.

एका वर्षी ऐन डिस्पॅचच्या तोंडावर दोन ऑपरेटर एकदम गेले. मी म्हटलं, बायका घेऊ. भावजी म्हणाले, "वहिनी, मशीनवर बाई नको. पदर अडकला तर निस्तरायचं कुणी?" आता व्हीएमसीचं दार लागल्याशिवाय स्पिंडल, म्हणजे कापायचं हत्यार फिरवणारा दांडा, फिरत नाही, मग पदर अडकणार कशात? (दाराचा स्विच बायपास करून ठेवला असेल तर पुरुषाचाही हात जाईल, तो आधी नीट करून घ्या.) बरं, हे बोलतोय कुठे, तर भोसरीत. शेजारच्या पिंपरीत टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९७४ साली सुधा कुलकर्णींना, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींना, इंजिनिअर म्हणून घेतलं होतं. 'महिलांनी अर्ज करू नये' अशी जाहिरात वाचून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं होतं. त्याला पन्नास वर्षं झाली, आमच्या घरात पदरच चाललाय.

खरी अडचण निघाली टॉयलेटची. एकच होतं, त्यालाही आतून कडी नाही. बायकांसाठी वेगळं हवं हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनच आहे, पण दहा-पंधरा माणसांच्या गाळ्यात कोण बघतं? ते बांधलं आणि मोशीच्या एका बचत गटात निरोप दिला. चाळिशीच्या आसपासच्या बायका आल्या. कुणी आधी शिवणकाम केलेलं, एक तर लग्नाआधी रुग्णालयात हिशेब लिहायची. सुरुवातीला बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढणं आणि गेजिंग, म्हणजे माप तपासणं, दिलं, मग जॉब लोडिंग, म्हणजे मशीनमध्ये भाग लावणं. माप तपासायचा गो गेज जॉबमध्ये अडला की त्या जॉब बाजूला ठेवतात आणि विचारतात. आमची मुलं तो गेज दाबून बसवायची.

वेळेवरून पुन्हा वाद झाला. मुलांना शाळेत सोडल्याशिवाय बायकांना येता येत नाही आणि भावजींना मशीन आठला सुरू हवं. तेव्हा मी एक निवृत्त टर्नर (लेथवर काम केलेले) काका शोधले. खाजगी कंपनीतून अठ्ठावन्नला घरी बसलेल्या माणसाची पीएफची पेन्शन किती असते ते विचारून बघा. किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. काका आठला येतात, सेटिंग करतात, पहिला पीस पास करतात; साडेनऊला बायका मशीन हातात घेतात. एकला काका घरी. माप घ्यायच्या व्हर्निअरच्या रेघा त्यांना दिसत नव्हत्या, डिजिटल घेऊन दिला.

आयटीआयच्या मुलांचं म्हणाल तर सात तारखेच्या आत पगार, पाळी आठवडाभर आधी सांगणं आणि गुरुवारची सुट्टी म्हणजे सुट्टी, त्या दिवशी फोन करायचा नाही. एवढं केलं की काही थांबतात, सगळे नाही. आणि चारचौघांत 'गाढवा' म्हणू नका. आमच्याकडचा एक चांगला मुलगा काकांच्या त्या एका शब्दावर गेला. भावजी म्हणतात पोरं नाजूक झालीत. माझ्या मते मुलाचं बरोबर होतं आणि काकांना मी तसं तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ते पुटपुटतात, पण मनात.

फार गोडही मानू नका. मे महिन्यात निम्म्या बायका मुलांना घेऊन गावी जातात, सासू आजारी पडली की रजा. मेमधली ऑर्डर एप्रिलमध्येच उरकावी लागते. रात्रपाळी आम्ही चालवत नाही, त्यामुळे त्याबद्दल माझ्याकडून सल्ला नाही. आणि बायका स्वस्तात मिळतात म्हणून आणणार असाल तर आणूच नका, शिकल्या की चाकण त्यांनाही माहीत आहे. एका मशीनला एकच पगार, मग चालवणारा कुणीही असो. हे भावजींना अजून पटलेलं नाही. पगारपत्रक मी बनवते.