बास्क बेर्त्सोलारी, म्हणजे पदे गाणारे कवी, खरोखरच आयत्या वेळी पदे रचतात का?

होय, आणि स्पर्धेत पाठ केलेले पद खपवणे जवळजवळ अशक्यच असते. स्पेन व फ्रान्समध्ये विभागलेल्या बास्क प्रदेशातील या परंपरेत विषय देणारी व्यक्ती मंचावरच प्रसंग सांगते. कधी दोन गायकांना परस्परविरोधी भूमिकाही देते, आणि काही क्षणांतच वाद्यांच्या साथीशिवाय, परिचित चालीवर गायन सुरू होते.

रचनेचे बंधन कडक आहे. ‘सोर्त्सिको आन्दिया’ या छंदात आठ ओळी असतात, त्या आलटून-पालटून १० व ८ अक्षरांच्या असतात आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या ओळीत एकच यमक साधावे लागते. यमकाचा शब्द पुन्हा आला तर तो दोष मानला जातो. गंमत अशी की, गायक आधी बहुधा शेवटची ओळ मनात पक्की करतो आणि मग तिच्याकडे नेणाऱ्या ओळी गाता गाता जुळवतो. जाणते श्रोते यमकावरून शेवट ओळखतात व ती ओळ त्याच्याबरोबर म्हणतात. माझ्या मते हाच या कलेचा सर्वांत देखणा क्षण होय.

पहिली मोठी स्पर्धा १९३५ साली झाली. स्पेनमधील यादवी युद्धानंतर ती १९६० पर्यंत बंद होती. आता राष्ट्रीय स्पर्धा साधारणतः दर चार वर्षांनी होते आणि विजेत्याला ‘चापेला’ म्हणजे बास्क टोपी चढवली जाते. २००९ मध्ये ती प्रथमच एका स्त्रीला, मायालेन लुखानबियो यांना, मिळाली.