फोटोखाली माहिती लिहावी, की फोटोलाच बोलू द्यावं?

माहिती लिहावी, असं माझं मत आहे. तुम्ही लिहिलंय की गावच्या आठवडे बाजाराच्या फोटोंचं प्रदर्शन भरवताय, आणि चांगल्या फोटोला शब्दांची गरज नसते असं शिकवल्यामुळे भिंतीवर नुसते फोटो लावायचा विचार आहे. तसं करू नका. का, ते एका फोटोवरून सांगते.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला हा फोटो तुम्ही बहुतेक पाहिला असेल. तीन तरुणी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. डावीकडे साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली. या कोण हे आपल्याला कळतं ते फोटोच्या खालच्या कडेला प्रत्येकीचं नाव-गाव लिहून ठेवलंय म्हणून. ती ओळ झाकून बघा. उरतात त्या कुठल्याशा नाटकासाठी सजलेल्या तीन बायका.

ती ओळ निर्दोष नाही. ‘सबात’चं तिथे ‘तबात’ झालंय. आनंदीबाई ज्या सेरामपूरहून अमेरिकेला गेल्या, त्या गावाचं स्पेलिंग चुकलंय. शिवाय तिघींच्या नावाआधी ‘डॉ.’ आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. फोटो काढला त्या दिवशी तिघी विद्यार्थिनीच होत्या. म्हणजे ओळ बहुधा मागाहून कुणीतरी घातली. तरी ज्याने कुणी ती लिहिली त्याचे माझ्यावर उपकार आहेत असंच मी मानते. चुकलेलं नाव दुरुस्त करता येतं, पण मुळात काही लिहिलंच नसेल तर शोध कुठून सुरू करायचा? आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. फोटोवर बोट ठेवून ‘ही मी’ म्हणायला त्या राहिल्याच नाहीत.

आता याची दुसरी बाजू. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ काढलेला ‘स्थलांतरित आई’ हा फोटो जगभर छापला गेला. मूळ नोंदीत त्या बाईचं वय ३२ आहे, सात मुलांची आई आहे, वाटाण्याच्या शेतावरचे मजूर आणि त्यांची हलाखी आहे. तिचं नाव मात्र नाही. लँगनी विचारलंच नव्हतं. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी लिहिलं की या बाईने अन्नासाठी गाडीचे टायर विकले होते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, आणि ती चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी समाजातली असल्याचंही नंतरच पुढे आलं. टायर विकल्याची गोष्ट घरच्यांनी साफ नाकारली. बेचाळीस वर्षं ती बाई ‘गरिबी’ या शब्दाचं चित्र होऊन राहिली, आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

हीच चूक माझ्या हातून झाली आहे. माउलींची पालखी दिवे घाट चढत असताना, कडेला दगडावर डोळे मिटून बसलेल्या एका आजींचा फोटो मी काढला आणि खाली लिहिलं, ‘तल्लीन’. फोटोचं खूप कौतुक झालं. पुढच्या वर्षी त्यांच्याच दिंडीतल्या एका ताईंनी तो ओळखला. म्हणाल्या, ‘‘अगं, त्यांना ताप भरला होता. पुढं ट्रकमधून नेलं सासवडला.’’ मी त्यांच्या तापाला भक्तीचं नाव दिलं होतं. दोन मिनिटं शेजारी बसून ‘आजी, बरं वाटतंय ना?’ एवढं विचारलं असतं, तर फोटोच्या आधी पाण्याची बाटली पुढे केली असती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कोण, कुठलं, कुठे, कधी आणि त्या वेळी काय चाललं होतं, एवढं लिहा. ‘जगण्याची झुंज’, ‘वेदनेचे डोळे’ असली शीर्षकं देऊ नका. वर्तमानपत्राच्या फोटोओळीत मंत्र्यापासून सरपंचापर्यंत सगळे ‘डावीकडून’ नावानिशी येतात आणि शेवटी ‘व ग्रामस्थ’. ऊसतोडीवरची बाई तर कायम ‘एक महिला कामगार’. तुमच्या बाजारात तरी असं होऊ देऊ नका. कोथिंबिरीची जुडी बांधणाऱ्या मावशींचं नाव, त्या कुठल्या गावाहून येतात, आणि तारीख. त्या दिवशीचा जुडीचा भावही लिहा; वीस वर्षांनी लोक आधी तोच वाचतील. जिथे नाव दिल्याने कुणाला त्रास होईल किंवा त्यांनीच नको म्हटलं असेल, तिथे ‘नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेलं नाही’ असं लिहा.

ढग, सावल्या, भिंतींवरची ओल अशा फोटोंना काही नसलं तरी चालेल.

शब्द आधी वाचले की डोळा तेवढंच शोधतो, ही तुमची भीती मात्र खरी आहे. ओळ फोटोच्या खाली उजवीकडे, लहान अक्षरात, जवळ गेल्यावरच वाचता येईल अशी लावा. लांबून फोटोच दिसला पाहिजे. आणि छापायला टाकण्याआधी एका बाजाराच्या दिवशी सगळ्या ओळी घेऊन जा आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांना वाचून दाखवा. त्या आजींच्या फोटोखाली आता त्यांचं नाव आणि गाव आहे, दिवे घाट आहे, आणि ‘त्या दिवशी त्यांना ताप होता’ हे वाक्य आहे. ते त्यांना विचारूनच लिहिलं.