ऑपेरा पाहिला, ऐकला की ऑपेऱ्याला गेलो?

एका ताईंनी बीजिंगच्या सहलीवर लेख लिहायला घेतला. त्यात वाक्य होतं, 'रात्री आम्ही पेकिंग ऑपेरा ऐकायला गेलो.' (पेकिंग हे बीजिंगचंच जुनं नाव.) मुलाने 'ऐकायला' खोडून 'पाहायला' केलं. मैत्रिणीने 'ऑपेरा' खोडून 'संगीतिका' केलं. त्यांचा प्रश्न असा की यात बरोबर कोण, आणि 'ऑपेरात' लिहायचं की 'ऑपेऱ्यात'?

आधी क्रियापद घेऊ, खरी गंमत तिथेच आहे. जुने बीजिंगकर या प्रकाराला 'थिंग शी' म्हणत. थिंग म्हणजे ऐकणं, शी म्हणजे नाटक. 'नाटक ऐकायला चाललोय' हे तिथलं अगदी रोजचं वाक्य. जुन्या नाटकगृहांना नावही 'चहाबाग' अशा अर्थाचं होतं. लांब टेबलं रंगमंचाला आडवी न लावता काटकोनात लावलेली, दोन्ही बाजूंना बाकं, प्रेक्षक एकमेकांकडे तोंड करून बसलेले आणि रंगमंच कुशीला. बघायचं तर मान वळवावी लागे. मुरलेला दर्दी ती वळवायच्या भानगडीत न पडता चहाचे घोट घेत, डोळे मिटून बोटांनी ताल धरायचा आणि जागा छान घेतली की 'हाओ!' म्हणून ओरडायचा. हाओ म्हणजे 'छान', आपल्या 'क्या बात है'सारखी दाद.

म्हणजे ताईंनी नकळत खास बीजिंगचं क्रियापद वापरलं होतं, आणि चिरंजीवांनी ते खोडलं!

मराठी कानाला मात्र ते खटकतं, हेही खरं. आपण कीर्तन ऐकतो, गाणं ऐकतो. नाटक आणि तमाशा बघतो. संगीत नाटकाच्या भरभराटीतही कोणी 'सौभद्र ऐकलं' म्हणत नसावं. पण त्याच पिढीतले आजोबा 'आम्ही बालगंधर्वांना ऐकलंय' असं छाती फुगवून सांगत. नाटकाचं नाव आलं की बघायचं, माणसाचं नाव आलं की ऐकायचं, अशी वाटणी आपण कधी केली कोण जाणे. चिनी बाजूला हे तंतोतंत लागू पडेल असं नाव म्हणजे मेइ लानफांग (1894–1961). तेही पुरुष, स्त्रीभूमिकांसाठीच गाजलेले. 1930 साली अमेरिकेत आणि 1935 साली सोव्हिएत संघात त्यांनी प्रयोग केले. तिथल्या प्रेक्षकांना भाषा कळत नव्हती, तेव्हा त्यांनी ते मुख्यतः पाहिलेच असणार.

आजच्या पाहुण्याचंही तेच होतं. पर्यटकांसमोर अख्खं नाटक क्वचितच होतं. निवडक प्रवेश दाखवतात, त्यातही मारामारी आणि कसरतीचे जास्त. (यासाठी 'झलक' लिहू नका, 'नाट्यप्रवेश' हा आपला नेमका शब्द आहे.) 'सानछाखोऊ', म्हणजे 'तिठा', हा त्यातला नेहमीचा खेळ. रात्रीच्या किर्र काळोखात एका खाणावळीत दोघं एकमेकांवर संशय घेऊन झुंजतात. आणि रंगमंचावर दिवे लखलखीत! सामान म्हणाल तर एक टेबल. पात्रांना दिसत नाही, आपल्याला सगळं दिसतं. एकाची तलवार दुसऱ्याच्या नाकासमोरून सपकन जाते, तो हवेत हात फिरवत चाचपडतो, टेबलाच्या दोन बाजूंना दोघं श्वास रोखून उभे राहतात. गाणं जवळजवळ नाहीच, बोलणंही मोजकंच. ताईंनी त्या रात्री हे बघितलं असेल तर चिरंजीवांची दुरुस्ती मान्य करावी. जिंगहूवर, म्हणजे गजाने वाजवायच्या दोन तारांच्या बांबूच्या वाद्यावर, संथ चालीतलं विरहगीत लागलं असेल, तर ताईंचं मूळ वाक्यच ठेवावं.

आता नाव. 'संगीतिका' मला पटत नाही. '-इका' लागलं की मराठीत वस्तू आकसते : नाटिका, पुस्तिका, एकांकिका. शिवाय संगीतिका म्हटलं की कानात आकाशवाणी वाजते. चिनी भाषेत या सगळ्या कुळाला 'शीछ्यू' म्हणतात. शी म्हणजे नाटक, छ्यू म्हणजे गीत किंवा चाल. शब्दाला शब्द ठेवून 'नाट्यगीत' करायला जाल तर फसाल, कारण आपलं नाट्यगीत म्हणजे नाटकातलं नुसतं पद. जोडी उलटी केली की नेमका शब्द मिळतो, 'संगीत नाटक'. किर्लोस्करांच्या 1880 च्या 'संगीत शाकुंतल'पासून तो आपल्या अंगवळणी पडलाय. गाणं, बोलणं, अभिनय आणि लढाई ही चिनी नटाची चार अंगं मानतात. त्यातलं चौथं आपल्या संगीत नाटकात नाही, ते बघायला कोकणात दशावताराला बसावं लागेल. तेवढी उणीव चालवून घेऊ.

चीनमध्ये असे प्रादेशिक प्रकार शेकडो आहेत. त्या सगळ्यांना मिळून 'चिनी संगीत नाटक' म्हणावं आणि या एकाला विशेषनाम म्हणून 'बीजिंग ऑपेरा'. त्याचं घरचं नाव 'जिंगज्यू', म्हणजे राजधानीचं नाटक. गंमत म्हणजे मूळचं ते राजधानीचं नव्हेच. 1790 साली छ्यानलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त आन्हुइ प्रांतातल्या मंडळ्या बीजिंगला आल्या आणि तिथेच रमल्या. त्यातून पुढे हे घडलं. 1928 साली राजधानी नानजिंगला गेली, शहराचं नाव बेइपिंग झालं, तर नाटकाच्या नावातलंही 'जिंग' जाऊन 'पिंग' आलं. लिहिताना 'जिंगजू' करू नका. मराठी वाचक त्यातला 'जू' जुन्यातल्या 'जु'सारखा वाचेल आणि बैलाच्या मानेवर नेऊन ठेवेल. 'ज्यू' लिहिलं की उच्चार जवळ येतो.

राहिलं 'ऑपेरात'. कॅमेरा–कॅमेऱ्यात, तसंच ऑपेरा–ऑपेऱ्यात. शब्द पुल्लिंगी, आकारान्त. रूप सरळ चालतं. अनेकवचनी 'ऑपेरे' मात्र मलाही लिहवत नाही, 'पिझ्झे' बिनदिक्कत खात असूनसुद्धा. गिरगावकर पिढ्यान्‌पिढ्या 'ऑपेरा हाऊसला' उतरत आले, पण तिथे विभक्ती हाऊसला लागली आणि ऑपेरा कोराच राहिला.

आणि क्रियापदाचा वाद मिटत नसेल तर मराठीत एक सोपी पळवाट आहे. आपण नाटकाला जातो, गाण्याला जातो, कीर्तनाला जातो. तिथे बघितलं की ऐकलं, हे सांगायची सक्ती नाही. तेव्हा ताई, 'रात्री आम्ही बीजिंग ऑपेऱ्याला गेलो' असं लिहा, आणि मुलाला खोडायला दुसरं वाक्य द्या.