लोगो बदलण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

पाठवलेले तिन्ही नमुने पाहिले. डिझायनरचा हात चांगला आहे. पण लोगो का बदलायचा याचं कारण तू एवढंच दिलंस, की आताचा जुनाट दिसतो. कुणाला? तू रोज गल्ल्यावर बसून तोच पाहतोस, तुला कंटाळा येणारच. चोर्ला घाट चढून गोव्याहून येणारं गिऱ्हाईक तो वर्षातून एखाद-दोन वेळा पाहतं, आणि बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत त्या पिवळ्या पाटीवरूनच तुझं मिठाईचं दुकान ओळखतं. मालकाला कंटाळा आला म्हणून लोगो बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत २००९ साली ट्रॉपिकानाने संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं चित्र खोक्यावरून काढलं आणि तिथे रसाचा ग्लास आणला. रस तोच होता. तरी दोनेक महिन्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. ती कंपनी मोठी, तिने सोसलं. तुझी एक दिवाळी हुकली तर अख्खं वर्ष गेलं.

मग बदलायचा कधी? चिन्ह काम करेनासं झालं की. तुझ्या आजोबांच्या वेळची गवळण, डोक्यावर हंडा, मागे गाय: पाटीवर हे चित्र शोभतं, कारण ते पेंटरने हाताने, ऐसपैस रंगवलंय. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत मात्र नुसता काळा डाग दिसतो. पाव किलो कुंद्याच्या डब्यावर गाईचे पाय आणि पदराच्या चुण्या एकमेकांत मिसळतात. रबरी शिक्का मारला की गवळणीच्या चेहऱ्यात शाई भरते. ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी नवं चिन्ह कशाला? आहे तेच हलकं कर. गाय काढ, चुण्या काढ, हंडा आणि त्याला धरलेला हात ठेव. पिवळ्या रंगाला हात लावू नकोस. मग ते एकाच रंगात नखाएवढं छाप, आणि पाटीएवढं छापून रस्त्याच्या पलीकडून बघ. दोन्हीकडे ओळखू आलं की काम झालं.

उद्या फरसाण, मसाले काढलेस तर दुधाचा हंडा अपुरा पडेल, तेव्हा पुन्हा बोलू. आज तू कुंदा आणि मांडेच विकतोस.

पाटीचंही ध्यानात घे. २०२४च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. तुझ्या दोन नमुन्यांत ‘कुं’च्या उकाराचाच हंडा केलाय. दिसायला छान आहे, पण कन्नड अक्षरांत तो हंडा उरणारच नाही. चित्र आणि अक्षरं सुटी ठेव, म्हणजे कन्नड, मराठी, इंग्रजी कुठल्याही नावाशेजारी तोच हंडा बसेल.

आता जे तू लिहिलं नाहीस ते. वाटण्या झाल्या, चुलत्यांनी टिळकवाडीत त्याच नावाने, त्याच गवळणीने दुकान घातलं. तिथला कुंदा खराब निघाला तरी तक्रार तुझ्याकडे येते. बाळा, तुला लोगो बदलावासा वाटतो तो यामुळे, असं मला वाटतं. आणि बदलायला हे एकच कारण मला पटतं. गिऱ्हाइकाला दोन दुकानांतला फरक कळलाच पाहिजे. पण तो चित्राने सुटण्याआधी कागदावर सुटायला हवा. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. नोंदलेल्या चिन्हात किरकोळ फरक अर्ज करून करता येतो, मात्र त्याची ओळख बदलता कामा नये. गवळण जाऊन नुसता हंडा राहिला तर नवा अर्ज धरूनच चाल. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. आपल्याकडचं हे काम चेन्नईच्या कार्यालयाखाली येतं.

तेव्हा डिझायनरला थांबव. दिवाळीचे डबे जुन्याच छपाईचे मागव. आणि इकडे येशील तेव्हा नोंदणीचा दाखला घेऊन ये. ती आजोबांच्या एकट्याच्या नावावर आहे की भागीदारीच्या, ते बघून चुलत्यांशी काय बोलायचं ते ठरवू. मी तुझ्याबरोबर येईन.

तुझे,
छापखान्यातले काका